सिमेंट लावलेल्या कृत्रिम खुब्याच्या एक्स-रेत काळी रेघ दिसली, म्हणजे सांधा सैल झाला का?

लगेच तसा अर्थ काढू नका. हाडाच्या सिमेंटमध्ये बेरियम सल्फेट किंवा झिर्कोनियम डायऑक्साइड मिसळलेलं असतं, म्हणून ते एक्स-रेत पांढरं दिसतं. सिमेंट आणि हाड यांच्यामधली रेघ 2 मिमीपेक्षा बारीक असेल आणि वर्षानुवर्षं तेवढीच राहिली असेल, तर सहसा काळजी नसते. ती रुंदावत असेल किंवा सिमेंटच्या सगळ्या कडेने पसरली असेल, तर मात्र सैलपणाची शंका घ्यावी लागते.

जागा नेमकी सांगता यावी म्हणून समोरून काढलेल्या एक्स-रेत मांडीच्या हाडात बसवलेल्या दांड्याभोवती 7 ग्रुएन झोन (म्हणजे ठरलेले भाग) आणि कमरेच्या हाडात बसवलेल्या वाटीभोवती 3 डीली-चार्नली झोन मानतात. सिमेंटला तडा, वाटी कलणं, दांडा खाली सरकणं ही जास्त गंभीर चिन्हं. पण एक्सेटर या प्रकारच्या दांड्यासारखा गुळगुळीत, निमुळता दांडा पहिल्या एक-दोन वर्षांत सिमेंटच्या आत 1-2 मिमी खाली बसतोच; त्याची रचनाच तशी आहे.

माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की शस्त्रक्रियेनंतरचा पहिला एक्स-रे जपून ठेवा. एकट्या फिल्मवरून फार थोडं कळतं, खरं उत्तर जुनी-नवी शेजारी ठेवल्यावरच मिळतं. नव्या फिल्ममध्ये सिमेंटचं खालचं टोकही आलं पाहिजे, तसं आधीच सांगा.

उठून पहिली पावलं टाकताना मांडी किंवा जांघ दुखत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना लवकर दाखवा. जंतुसंसर्गही एक्स-रेत असाच दिसू शकतो, म्हणून ते ईएसआर आणि सीआरपी या शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्याही सांगतील.