वाड्याच्या माळ्यावर सापडलेली ठासणीची बंदूक कोणी आणि कुठे बनवली असेल?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: सातारा जिल्ह्यातील वाड्याच्या माळ्यावर ठासणीची एक बंदूक सापडली. नळी 39 इंच लांब आहे. घोडा ज्या लोखंडी पट्टीवर बसवला आहे तिच्यावर पत्त्यांतल्या बदामासारखे चिन्ह, त्याच्या चार भागांत चार अक्षरे, ‘विल्सन’ हे नाव आणि शेवटचा आकडा पुसलेले 179… असे साल आहे. ठिणगी पाडणारी गारगोटी नाही, घोड्याच्या आघाताने पेटणारी टोपी बसवण्याचे बोंड आहे. घरात ती पानिपतावरची बंदूक मानली जाते.

निर्मात्याकडे वळण्यापूर्वी बंदूक भरलेली नाही याची खात्री करून घ्यावी. गज, म्हणजे दारू ठासण्याची काठी, नळीत तळापर्यंत सोडा आणि नळीच्या तोंडाशी त्यावर खडूची खूण करा. मग तोच गज बाहेरून नळीला असा लावा, की खूण तोंडाशी येईल. गजाचे टोक कानापर्यंत, म्हणजे रंजकाचा (पेटवणीच्या दारूचा) विस्तव आत शिरतो त्या भोकापर्यंत, पोहोचले तर नळी रिकामी आहे. ते दोन-तीन बोटे अलीकडेच थांबले, तर आत काहीतरी ठासलेले आहे. एका घरी दिवाणखान्यात तीन पिढ्या टांगलेल्या बंदुकीत मला अशीच दारू, चिंधी आणि छर्रे सापडले होते, आणि घरातली मुले सुटीत तिच्याशी खेळत असत. असे आढळल्यास स्वतः काही उकरू नका. पोलीस ठाण्याला कळवा.

आता चिन्हाबद्दल. चार भागांत विभागलेला बदाम आणि त्यावर इंग्रजी चारच्या आकड्यासारखी आकृती हा ईस्ट इंडिया कंपनीचा शिक्का आहे. मुंबई इलाख्याच्या जुन्या तांब्याच्या पैशांवर, तराजूच्या उलट बाजूला, तो आपण पाहिला असेल. अक्षरे ‘व्ही, ई, आय, सी’ अशी असतात. जुन्या लेखनपद्धतीत यूच्या जागी व्ही लिहीत, त्यामुळे पहिले अक्षर ‘युनायटेड’चे आहे. 1808 च्या सुमारास कंपनीने हा बदाम सोडून मुकुट धरलेला, मागच्या पायांवर उभा सिंह वापरायला सुरुवात केली. म्हणजे आपल्या लॉकवरचे (घोडा आणि त्याची पट्टी मिळून होणाऱ्या यंत्रणेवरचे) पुसट साल आणि चिन्ह यांचा मेळ बसतो.

पानिपताची गोष्ट मात्र टिकत नाही. लढाई 14 जानेवारी 1761 ची, आणि लॉकवर साल त्यानंतर तीस वर्षांचे. शिवाय 39 इंची नळीची ही घडण कंपनीने 1770 च्या दशकात आपल्या फौजांसाठी रूढ केली. ब्रिटिश राजाच्या सैन्याकडे तोवर 46 आणि 42 इंची नळ्यांच्या बंदुका होत्या. पुढे फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर त्यांनी कंपनीच्याच बंदुका उचलल्या, आणि म्हणून या घडणीला ‘इंडिया पॅटर्न’ म्हणतात. तिच्या नळीचे भोक सुमारे 0.75 इंच, म्हणजे 19 मिलिमीटर असते. कॅलिपर लावून तेवढे मोजून पाहा. नळीची लांबी मात्र एकटी पुरावा धरू नये, कारण शिकारीसाठी लोकांनी कित्येक नळ्या कापून आखूड केल्या. मूळ नळी असेल तर तोंडापासून थोड्या अंतरावर, वरच्या बाजूला, संगीन अडकवण्याचे चौकोनी टोक दिसले पाहिजे.

‘विल्सन’ म्हणजे कोण? लंडनच्या मायनरीज भागात बंदूकवाल्यांची वस्ती होती आणि तिथल्या विल्सन घराण्याने कंपनीला बंदुका पुरवल्या. म्हणून विल्सनने ती ‘बनवली’ असे लगेच म्हणावेसे वाटते, पण माझ्या मते इथेच बहुतेक जण फसतात. त्या काळी बंदूक एका हाताची नसे. लॉक एका कारागिराचे, नळी दुसऱ्याची, लाकडी दस्ता तिसऱ्याचा, आणि लॉक व नळ्या पुष्कळदा बर्मिंगहॅममधून लंडनला येत. लॉकवरचे नाव हे ठेकेदाराचे समजावे. उत्तरकाळच्या शिकारी बंदुकांवर नळीवर कोरलेले ‘बॉम्बे’ किंवा ‘कलकत्ता’ तर केवळ दुकानदाराचा पत्ता सांगते.

खरी साक्ष नळीच्या मागच्या भागात, डाव्या अंगाला असते. तिथे तांदळाचे पीठ हलके चोळा, खोलीत अंधार करा आणि टॉर्च तिरका धरा. दिवसा न दिसणारे ठसे उठून येतात. मुकुटाखाली व्ही आणि मुकुटाखाली जीपी ही जोडी असेल, तर नळीची चाचणी लंडनच्या गनमेकर्स कंपनीत झाली. मुकुटाखाली एकमेकांना छेदणारे राजदंड आणि बीपीसी ही अक्षरे असतील, तर ती 1813 मध्ये कायद्याने स्थापन झालेल्या बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहातील आहे, आणि मग 179… सालच्या लॉकवर नंतरची नळी बसवली असे म्हणावे लागेल. अंडाकृतीत ईएलजी दिसले तर बेल्जियममधील लिएज. दस्त्यातून नळी काढता आली, तर तिच्या पोटाला नळी घडवणाऱ्याची आद्याक्षरे मिळण्याची शक्यता असते, पण गंजलेल्या खिळी ठोकून दस्ता फोडण्यापेक्षा ती माहिती न मिळालेली बरी.

कृपया पॉलिश पेपर लावू नका. उमेदीच्या काळात मी स्वतः एका नळीला इतके चकचकीत केले, की तिचे ठसेच गेले, आणि तिचे मूळ आता कोणालाही सांगता येणार नाही.

टोपीच्या बोंडाचे कोडे सोपे आहे. ही बंदूक गारगोटीची म्हणून जन्मली आणि नंतर, बहुधा 1840 नंतर, टोपीची करून घेतली. लॉकच्या पट्टीवर घोड्याच्या पुढे बुजवलेली स्क्रूची भोके शोधा; रंजकाची ताटली आणि तिच्या झाकणाची कमान तिथे बसत असे. भोके सापडली, तर बदामाचा शिक्का खरा असण्याची शक्यताही वाढते. आज शोभेसाठी बनवलेल्या नकलांवर तो सर्रास कोरतात. माझ्या पाहण्यातल्या नकलांत बदाम एका बाजूला कललेला आणि अक्षरांचा क्रम चुकलेला होता.

कायद्याचेही एक वाक्य. 1959 च्या शस्त्र अधिनियमातील कलम 45 ची सूट दुरुस्त करूनही झाडता न येणाऱ्या जुन्या शस्त्रालाच मिळते. ठासणीची बंदूक जुनी आहे म्हणून आपोआप सुटत नाही, तेव्हा ठाण्यात लेखी कळवून ठेवा.

उपलब्ध माहितीवर माझे मत असे: लॉक 1790 च्या दशकातील, कंपनीच्या लंडनमधील ठेक्याचे. नळीबद्दल मी आताच बोलणार नाही. भोकाचे माप, डाव्या अंगाचे ठसे आणि लॉकच्या आतल्या बाजूची छायाचित्रे इथेच टाकलीत, तर पुढचे सांगता येईल.