कोशातील ‘भाषा’ या रकान्यात काय लिहावे?

विचारणा अशी आहे: अनेकांनी मिळून भरायच्या बहुभाषिक कोशात मालवणी ‘चेडू’ (मुलगी) आणि अहिराणी ‘आंडोर’ (मुलगा) हे शब्द नोंदवताना भाषा म्हणून ‘मराठी’ लिहावे, की बोलीचे नाव?

माझ्या मते या रकान्यात हाताने नाव लिहिण्याची सोयच नसावी. तिथे ठरलेल्या यादीतून भाषेचा कोड निवडावा आणि बोली, लिपी व ठिकाण यांसाठी निराळे रकाने असावेत. नावावर विसंबल्याने काय होते हे ‘कोकणी’ या एकाच नावावरून दिसते. गोव्याची राजभाषा कोकणी आहे. रत्नागिरीकडचे मराठी भाषक आपल्या बोलण्याला कोकणीच म्हणतात. तिथल्या मुसलमान समाजाची बोलीही कोकणी म्हणून ओळखली जाते. आणि नाशिक, नंदुरबार व डांग या भागांतील कोकणा आदिवासींची भाषा तर या साऱ्यांहून वेगळी आहे. चार जणांनी चांगल्या हेतूने ‘कोकणी’ लिहिले, तरी पुढे शोध घेणाऱ्याला हे शब्द वेगळे काढता येत नाहीत.

आयएसओ 639 या आंतरराष्ट्रीय मानकात मराठीला दोन अक्षरी ‘एम-आर’ आणि तीन अक्षरी ‘एम-ए-आर’ असे कोड आहेत. कोकणीसाठी ‘के-ओ-के’ हा व्यापक कोड असून त्याखाली गोव्याच्या कोकणीसाठी ‘जी-ओ-एम’ आणि उरलेल्या कोकणीसाठी ‘के-एन-एन’ असे दोन कोड येतात. कोकणा आदिवासींच्या भाषेचा कोड ‘के-ई-एक्स’ आहे. वऱ्हाडी-नागपुरीला ‘व्ही-ए-एच’ आणि अहिराणीला ‘ए-एच-आर’ हे स्वतंत्र कोड मिळालेले असल्यामुळे ‘आंडोर’चा प्रश्न सरळ सुटतो. मात्र खानदेशीसाठी ‘के-एच-एन’ हा आणखी एक कोड आहे, आणि पुष्कळ भाषक अहिराणी व खानदेशी ही एकाच भाषेची नावे मानतात. म्हणून संपादकांनी कोणता कोड वापरायचा हे आरंभीच ठरवून तो निर्णय मार्गदर्शिकेत लिहून ठेवावा, नाहीतर एकाच गावचे शब्द दोन ठिकाणी विखुरतील.

‘चेडू’ची गोष्ट अवघड आहे. मालवणीला स्वतंत्र कोड नाही, आणि ती मराठीची बोली की कोकणीची, यावर मतभेद आहेत. गोव्यात हाच शब्द अंत्य अनुस्वारासह ‘चेडूं’ असा लिहिला जातो, त्यामुळे केवळ शब्द पाहून भाषा ठरवणे तर धोक्याचेच. अशा वेळी संपादकांनी ‘एम-ए-आर’ किंवा ‘के-एन-एन’ यांपैकी एक कोड ठरवावा, बोलीच्या रकान्यात ‘मालवणी’ आणि ठिकाणाच्या रकान्यात तालुका व गाव लिहावे. कोड हा नोंद सापडावी म्हणून लावलेला पत्ता आहे. त्यावरून बोलीचा मान ठरत नाही, हे मतभेद असणाऱ्या दोन्ही बाजूंनी लक्षात घ्यावे. गाव नीट नोंदलेले असले, तर उद्या निर्णय बदलला तरी साऱ्या नोंदी एका फटक्यात हलवता येतात. स्वतःच नवा कोड मात्र बनवू नये, कारण तो बाहेरच्या कोणत्याही कोशाला कळत नाही.

लिपी हा भाषेचा भाग नव्हे. कोकणी देवनागरी, रोमन, कन्नड आणि मल्याळम लिप्यांत लिहिली जाते. म्हणून एका शब्दाची रोमी आणि देवनागरी रूपे एकाच नोंदीत, लिपीच्या खुणेसह यावीत. मोडी कागदपत्रातला शब्दही भाषेने मराठीच, फक्त लिपी मोडी. यादवकाळातील शब्दाला मात्र प्राचीन मराठीचा ‘ओ-एम-आर’ हा वेगळा कोड आहे.

एक फरक नोंदणारे बहुधा विसरतात. भाषा कोणती हेच कळले नसेल तर ‘यू-एन-डी’ वापरावे. भाषा माहीत आहे, पण तिला कोड नाही, तर ‘एम-आय-एस’. विकिडेटा या सर्वांना खुल्या माहितीसाठ्याच्या शब्दनोंदींत या दुसऱ्या कोडापुढे त्या भाषेचा क्यू-क्रमांक (तिथल्या नोंदीचा ओळख-क्रमांक) जोडण्याची सोय आहे, त्यामुळे कोड नसलेली भाषाही नेमकी ओळखता येते.