ताठरता पंपाची, ओढ तुमची

‘ताई, वय ५३. मधुमेहाला १६ वर्षं झाली. गोळ्या, इंजेक्शनं सगळं करून झालं. शेवटी चार महिन्यांपूर्वी लिंगात पंपाचं इम्प्लांट बसवून घेतलं. ताठरता येते, पण टोक मऊ आणि गारच राहतं. लांबीही कमी वाटते. बायको म्हणते, “आता मला कसं कळणार, तुम्हाला माझी ओढ आहे की नाही?” आईला हर्नियाचं ऑपरेशन झालं असं सांगितलंय. माझी फसवणूक झाली का? हे काढून टाकू का?’

दादा,

फसवणूक झालेली दिसत नाही. ऑपरेशनआधी कुणी नीट बसून समजावलं नाही, एवढं मात्र दिसतं.

लिंगात रक्ताने फुलणारे तीन कप्पे असतात. वरचे दोन कडक होतात. तिसरा मूत्रमार्गाभोवती असतो आणि पुढे तोच रुंदावून टोक, म्हणजे लिंगमणी होतो. इम्प्लांटचे सिलिंडर, म्हणजे फुगणाऱ्या नळ्या, बसतात ते फक्त वरच्या दोन कप्प्यांत. त्यामुळे टोक मऊ राहणं हा बिघाड नव्हे. सिल्डेनाफिलसारख्या गोळीने काहींच्या टोकात थोडा भरीवपणा येतो, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्या. हृदयासाठी नायट्रेट चालू असेल तर तिला हातही लावू नका. टोक खाली लोंबत असेल तर सर्जनना दाखवा. लाली, पू, ताप किंवा वाढती वेदना दिसली तर त्याच दिवशी जा, तुम्हाला शुगर आहे.

लांबीचं म्हणाल तर इम्प्लांट असलेल्या जागेत बसतं, नवी जागा तयार करत नाही. वर्षानुवर्षं ताठरता न आल्याने आतल्या पेशी आधीच आकसलेल्या असतात. शिवाय तुमच्या मनातलं माप पस्तिशीतलं असणार!

काढायचा विचार सोडा. सिलिंडर बसवताना आतल्या स्पंजासारख्या पेशी दबल्या जातात, म्हणून काढल्यावर पूर्वीची नैसर्गिक ताठरता परत येत नाही. स्पर्शाच्या नसा मात्र कप्प्यांच्या बाहेरून जातात. त्यामुळे स्पर्श, कामपूर्तीचं सुख, वीर्यपतन हे सगळं ऑपरेशनआधी जेवढं होतं तेवढंच साधारण राहतं.

आता वहिनी. त्यांचा प्रश्न मला तुमच्या प्रश्नापेक्षा महत्त्वाचा वाटतो. इतकी वर्षं तुमचं शरीर न बोलता सांगायचं की ‘तू मला हवी आहेस’. आता वृषणाच्या पिशवीतला पंप दाबला की सलाईन सिलिंडरमध्ये जातं आणि ताठरता येते, मनात काहीही असो. मग वहिनींना कळणार कशावरून? आता ते तोंडानेच सांगावं लागेल. लाजू नका. आधी जवळ बसा, बोला, स्पर्श होऊ द्या, पंपाचं नंतर बघू. एकदा त्यांना डॉक्टरांकडे सोबत न्या, पंप कसा चालतो ते शिकू द्या. त्यांना चालत असेल तर पंप त्यांच्याच हाती सोपवा. मग हे यंत्र दोघांचं होईल.

आणखी एक, जे पुरुषांच्या लक्षात येत नाही. पूर्वी वीर्यपतनानंतर लिंग सैल पडायचं, आता सिलिंडरमधलं सलाईन परत सोडेपर्यंत ते ताठच राहतं. वहिनी पन्नाशीच्या आसपास असतील तर पाळी जाण्याच्या काळात योनीला कोरडेपणा येतो. इम्प्लांट थकत नाही, त्या थकतात, त्यांना दुखतं. वंगणाची जेल उशाशी ठेवा. त्या ‘पुरे’ म्हणाल्या की पुरे.

आईला हर्निया सांगितलात, सांगा बापडे. पण कुठल्याही डॉक्टरला तीच थाप मारू नका. तुमचा पंप तीन भागांचा असेल तर त्याची पाण्याची टाकी ओटीपोटात बसवलेली आहे. उद्या खरंच हर्निया निघाला, प्रोस्टेटचं ऑपरेशन ठरलं किंवा लघवीची नळी घालायची वेळ आली, तर हात लावणाऱ्याला ते आधी माहीत हवं. इम्प्लांटचं कार्ड मिळालं असेल तर पाकिटात ठेवा, आणि ते कुठे आहे ते वहिनींना सांगून ठेवा.

— तुमची ताई