‘इल्युमिनेटेड’ पुस्तक ‘प्रकाशित’ कसं?

प्रश्न असा आहे: इ.स. 1490 ते 1520च्या सुमारास पॅरिसमध्ये छापलेल्या, पण हस्तलिखितासारख्या दिसाव्यात म्हणून हाताने सजवलेल्या प्रार्थनापुस्तकांबद्दल मराठीत लिहिताना ‘इल्युमिनेटेड’ला ‘प्रकाशित’ म्हणावं का, आणि ‘बुक ऑफ अवर्स’ या त्यांच्या इंग्रजी नावाला काय म्हणावं?

‘प्रकाशित’ नको. मूळ लॅटिन क्रियापदात उजळण्याचा अर्थ आहे, म्हणून कोश चाळणाऱ्याच्या हाती हा शब्द लागतो. पण मराठीत पुस्तक प्रकाशित होतं ते बाजारात येतं तेव्हा. ‘प्रकाशित हस्तलिखित’ वाचून निदान कोणीही थबकेल. या पुस्तकांच्या बाबतीत चूक लपून राहते, कारण ती खरोखरच प्रकाशित होत. सिमों वोस्त्र प्रकाशक, फिलिप पिगुशे त्याचा मुद्रक, आणि रंगकाम करणारा तिसराच. ‘वोस्त्रने प्रकाशित केलेली प्रकाशित प्रत’ असं लिहायची वेळ येईल.

शब्द निवडण्याआधी काम काय होतं ते पाहू. अनेक प्रती चर्मपत्रावर छापत. आद्याक्षरांसाठी जागा मोकळी सोडत. तिथे कोणतं अक्षर काढायचं हे रंगाऱ्याला कळावं म्हणून कधी कधी ते बारीक टाइपात छापूनही ठेवत. रंगारी निळा किंवा तांबडा चौकोन भरून त्यावर सोन्याने अक्षर काढी. हे सोनं बहुधा वर्खाचं नसे, भुकटी डिंकात कालवून कुंचल्याने लावलेलं असे. तेव्हा ‘सोन्याचा वर्ख दिलेली’ हेही जपून लिहावं. मला स्वतःला सर्वांत मौज वाटते ती तांबड्या रेघांची. ओळ सरळ यावी म्हणून लेखनिकाला रेघा आखाव्या लागत. खिळे जुळवणाऱ्याला त्यांचा काडीचा उपयोग नाही. तरी छपाई झाल्यावर कोणीतरी बसून ओळींमधून हाताने तांबड्या रेघा ओढी!

आंत्वान वेरार हा प्रकाशक तर फ्रान्सच्या आठव्या चार्ल्स राजासाठी चर्मपत्रावरच्या खास प्रती तयार करून घेई. त्यांत छापील चित्रावर दाट रंग चढवून ते झाकून टाकत, आणि वर रंगवलेला प्रसंग काही वेळा खालच्या चित्राहून वेगळाच असे. अशा पानाला ‘रंग भरलेलं’ म्हटलं तर निम्मं काम गाळल्यासारखं होईल. ‘बनावट हस्तलिखित’ हा तर अन्याय आहे. घेणाऱ्याला छापील माल घेतोय हे ठाऊक असे.

म्हणून सर्वसाधारण शब्द ‘अलंकृत’ ठेवावा आणि लगेच तपशील द्यावा: सोनेरी आद्याक्षरांची, हाताने रंगवलेली, तांबड्या रेघा आखलेली. ‘सुवर्णमंडित’ म्हटलं की मला देवळाचा कळस दिसतो. लाल शाईतल्या शीर्षकांना मात्र ‘रुब्रिक’ म्हणून अडून बसायची गरज नाही. आपल्या पोथ्यांतही हिंगुळाने अक्षरं काढत, त्यामुळे ‘लाल शाईतलं शीर्षक’ मराठी वाचकाला परकं वाटणार नाही.

आता ‘बुक ऑफ अवर्स’. ‘तासिका-पुस्तक’ म्हटलं की शाळेचं वेळापत्रक आठवतं. या पुस्तकात दिवसरात्रीच्या आठ प्रार्थना असतात. त्यांतल्या प्राइम, टर्स, सेक्स्ट, नन ही नावं पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या तासावरून पडली, म्हणजे अंतर साधारण तीन तासांचं. आपला प्रहरही तेवढाच. रात्रीच्या प्रार्थना या हिशेबात नेमक्या बसत नाहीत, तरी ‘प्रहरांचं प्रार्थनापुस्तक’ मला चपखल वाटतं. ‘पोथी’ म्हटलं तर सुटी, आडवी पानं डोळ्यांपुढे येतात, आणि ही तर हातात मावणारी, बांधणी केलेली पुस्तकं.

शीर्षकाच्या पानावर ‘रोमचा युझाज’ किंवा ‘पॅरिसचा युझाज’ असं दिसलं तर ‘युझाज’ या फ्रेंच शब्दाचं ‘वापर’ करू नका. तिथे त्या त्या ठिकाणच्या चर्चची प्रार्थनेची रीत अभिप्रेत आहे. ‘रोमच्या परिपाठाप्रमाणे’ असं लिहावं.