पितळेवरचे ठसे वाचताना : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : चोर बाजारात घेतलेल्या, तोफगोळा फोडणाऱ्या पितळी फ्यूजवर 'नं. ८०', रोमन आकडा, 'आर. एल.' आणि '३/१६' असं कोरलंय. कडीवर ० ते २२ आकडे आहेत. ब्रिटिश युद्धनौकेचा म्हणून विकला. खरं आहे का?

वर्णनावरून वस्तू अस्सल वाटते, जहाजाची गोष्ट मात्र मागाहून चिकटवलेली दिसते. नं. ८० हा पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश फ्यूज. ठरलेल्या वेळेला गोळा फोडायचा आणि आदळला तरी फोडायचा. तो मुख्यतः भूदलाच्या १३ आणि १८ पौंडी तोफांसाठी बनला. कडी फिरवली की आतल्या दारूची पट्टी किती जळायची ते ठरे. रोमन आकडा म्हणजे 'मार्क', आराखड्याची आवृत्ती. आर. एल. म्हणजे वुलिचची रॉयल लॅबोरेटरी, ३/१६ म्हणजे मार्च १९१६. शेजारी बाणाचा ठसा सापडेल. त्यावरून फक्त सरकारी मालकी कळते, लष्कर की नौदल ते कळत नाही.

मूळ आराखडा जर्मनीच्या क्रुप कंपनीचा. विकर्स या ब्रिटिश शस्त्रकंपनीने १९०२ साली करार करून तो घेतला होता, आणि युद्ध संपल्यावर क्रुपने त्याच कराराचे पैसे मागितले! म्हणून नं. ८० माझ्या फार आवडीचा. तो नौदलाचा नसला म्हणून तुमच्या वस्तूचं मोल कमी होत नाही.

प्रश्न : मग युद्धनौकेच्या मोठ्या गोळ्यांचा फ्यूज कसा ओळखायचा?

आधी तो गोळ्यात कुठे बसत होता ते पाहा. चिलखत भेदणाऱ्या गोळ्याचं टोक भरीव आणि कठीण असतं, म्हणून फ्यूज बुडात बसवतात. ब्रिटिश फ्यूजवर 'बेस' असा शब्द असेल तर तो हाच प्रकार. आता साल पाहा, कारण इथे ते फार बोलकं असतं. मे १९१६ च्या जटलँडच्या ब्रिटिश-जर्मन सागरी लढाईत ब्रिटिशांचे बरेच गोळे चिलखतावरच फुटले, आत शिरलेच नाहीत. आत लिडाइट हे स्फोटक होतं, ते धक्क्यानेच फुटे, आणि आदळल्यावर जरा थांबून फुटायची सोयही फ्यूजमध्ये नव्हती. सुधारित गोळे ताफ्याला मिळेपर्यंत १९१८ उजाडलं. त्यामुळे अशा फ्यूजवरचा १९१५ किंवा १९१८ चा ठसा नुसती तारीख म्हणून वाचू नका, एक सुधारणेआधीचा, दुसरा सुधारणेच्या काळातला.

प्रश्न : माझ्या फ्यूजवर नांगर आहे. अमेरिकन समजायचा ना?

नुसत्या नांगरावरून नाही. अमेरिकन नौदलाच्या तपासनिसांचा ठसा नांगराचा होता, पण जपानी नौदलाच्या वस्तूंवरही नांगर दिसतो. बाजूची अक्षरं बघा. 'एमके' आणि 'मॉड' असेल तर अमेरिकन. इथे एमके, म्हणजे मार्क, हा मूळ आराखडा, मॉड म्हणजे त्यातला बदल. चिनी-जपानी अक्षरं असतील तर जपानी. तिथे 'टाइप ९१' म्हणजे जपानी शाही संवताचं २५९१, अर्थात १९३१ चा आराखडा. 'टाइप १३' मात्र जपानी सम्राटाच्या तैशो राजवटीचं तेरावं वर्ष, म्हणजे १९२४. त्यानंतरच्या शोवा राजवटीचं साल दिलं असेल तर त्यात १९२५ मिळवा.

टोक प्लॅस्टिकचं असेल तर जास्त काळजीने पाहा. मार्क ३२ आणि मार्क ५३ हे रेडिओ लहरींवर चालणारे 'व्हीटी' फ्यूज, विमान जवळ आलं की आपोआप फुटणारे. ५ जानेवारी १९४३ ला 'हेलेना' या क्रूझरने सॉलोमन बेटांजवळ त्यांच्या मदतीने पहिलं जपानी विमान पाडलं.

प्रश्न : आजोबांनी मुंबई गोदीतून आणलेला असाच तुकडा माळ्यावर आहे. १९४४ च्या स्फोटातला असेल का? चिंचेने घासून साफ करू का?

घासू नका, हलवूही नका, पेच तर मुळीच फिरवू नका. फ्यूजमध्ये स्वतःचा डिटोनेटर, म्हणजे स्फोट सुरू करणारा भाग, असतो, आणि तो निकामी आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. दूर उभं राहून फोटो काढा, ११२ ला फोन करा. बॉम्बशोधक पथक तपासेल. चिंचेने तर उथळ ठसे आणि उरलेला रंग दोन्ही जातील.

'फोर्ट स्टिकिन' हे जहाज १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फुटलं, आणि त्यावर दारूगोळा होता हे खरं. पण गोदीत सापडला म्हणून तुकडा त्या जहाजाचा ठरत नाही. त्यानंतरची तारीख कोरलेली असेल तर प्रश्नच मिटला. आधीची असेल तर शक्यता उरते, एवढंच. पथकाने हिरवा कंदील दिल्यावर बूड, पेच आणि कड यांचे वेगवेगळे, तिरप्या उजेडातले फोटो पाठवा, मग पुढचं वाचू.