सेफ्टी कन्सल्टन्सी सुरू करालास तर पीआय पॉलिसी आधी नीट समजून घे

भावा, बेळगावात उद्यमबागच्या फाउंड्र्यांची, मच्छेच्या मशीन शॉपची ऑडिटची कामं मिळायला लागलीत म्हणतोस, बरं झालं, पण प्रोफेशनल इन्डेम्निटी (पीआय), म्हणजे आपल्या सल्ल्यातल्या चुकीवरून कुणी भरपाई मागितली तर त्यासाठीचा विमा, घेताना नुसता प्रीमियम बघू नकोस. ही पॉलिसी बहुतेक वेळा क्लेम्स-मेड असते, म्हणजे काम कधी केलंस यापेक्षा क्लेम आला तेव्हा पॉलिसी चालू होती का ते बघतात. पण पॉलिसीत रेट्रोअॅक्टिव्ह डेट म्हणून एक मागची तारीख लिहिलेली असते, तिच्या आधीच्या कामाला कव्हर नाही. एक वर्ष रिन्यूअल चुकवलंस की नवीन पॉलिसीत ती तारीख पुढं सरकू शकते आणि जुने सगळे रिपोर्ट उघडे पडतात!

दुसरं म्हणजे वर्डिंगमध्ये शारीरिक इजा वगळली आहे का बघच. आपल्या धंद्यात क्लेम येणार तो तिथूनच, भट्टीजवळ कोण तरी भाजला, वकील म्हणणार कन्सल्टंटनं रिपोर्टात लिहिलंच नव्हतं, मग ती पॉलिसी घेऊन काय चाटायची? प्रपोजल फॉर्मवर पण नुसतं 'सल्लागार' लिहू नको, ऑडिट, ट्रेनिंग, रिस्क असेसमेंट सगळं घाल.

वकिलाचा खर्च लिमिटच्या आतच धरतात का, एक्सेस, म्हणजे क्लेममधला आपण खिशातून भरायचा भाग, किती, हे एजंटकडून लेखी घे, तोंडी सगळेच होय होय म्हणतात. आणि फॅक्टरीवाल्यानं 'एकही अपघात होणार नाही' असली गॅरंटी अॅग्रीमेंटात घातली तर सही करू नको, असली जबाबदारी विमा कंपनी उचलत नाही. नोटीस आली तर मालक ओळखीचा आहे म्हणून फोनवर चूक कबूल करत बसू नको, पहिल्यांदा विमा कंपनीला कळव.