प्रश्नोत्तरे : माफियाचा खटला आणि कोर्टातला हशा

प्रश्न : ‘फाइंड मी गिल्टी’ (२००६) या चित्रपटात माफिया टोळीतला आरोपी जॅकी वकील न घेता स्वतःच खटला लढवतो. असं खरंच चालतं? आणि ज्युरीने (निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने) सोडल्यावर सरकार अपिलात का जात नाही?
– एक वाचक, सांगली

उत्तर : चालतं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९७५ मध्ये आरोपीचा हा हक्क मान्य केला. मेख अशी, की तो प्रश्न विचारू शकतो, प्रश्नांआडून साक्ष देऊ शकत नाही. शपथेवर बोलायचं तर सरकारी वकिलाची उलटतपासणी झेलावी लागते. म्हणून जॅकी विनोदावरच भिस्त ठेवतो. त्याच्यावर गोळ्या झाडणारा नात्यातलाच भाऊ साक्षीदार म्हणून येतो, तो प्रसंग पुन्हा पाहा : हसवता हसवता साक्षीदाराची विश्वासार्हता कशी पोखरतात, ते तिथे दिसतं.

चित्रपट ज्यावर बेतला, तो मूळ खटला अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या नेवार्कचा. २० आरोपी, जवळजवळ २१ महिने. इतक्या वकिलांनी एकेका साक्षीदाराला आळीपाळीने धरलं, की ज्युरीच्या डोक्यात कोणाविरुद्ध काय पुरावा, याचा गुंताच व्हावा. सरकारी पक्षाने मोट फार मोठी बांधली, हे आमचं मत. ऑगस्ट १९८८ मध्ये सगळे सुटले. जॅकी मात्र तुरुंगातच. अमली पदार्थांच्या जुन्या खटल्यातली शिक्षा बाकी होती.

अपिलाचं म्हणाल, तर तिथे ज्युरीने निर्दोष ठरवलं की त्याच आरोपावर पुन्हा खटला नाही, राज्यघटनाच आड येते. आपल्याकडे नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी सोडलं, तरी सत्र न्यायाधीशांनी प्रकरण मुंबई हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली.